शेंड्याकडून कापायची संख्या

मिहिर, परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना तू माझ्या टेबलावरचं बांबूचं नळकांडं पाहिलंस आणि विचारलंस, ‘आजी, पेनं ठेवायच्या भांड्यावर सात का लिहिलाय?’ माझ्याआधी तुझ्या बहिणीनं, सईनंच उत्तर देऊन टाकलं, की त्यात सात पेनं मावतात म्हणून. चूक. त्यात वाटेल तेवढी मावतात आणि त्यांतलं एखादंच चालतं. खरं उत्तर लांब आहे. ते फोनवर सांगायला गेले असते तर तुमची शाळेची बस चुकली असती, म्हणून लिहून पाठवते आहे.

हे नळकांडं अहेरीच्या एका गणिताच्या सरांचं. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि आमची घरं एका कुंपणाच्या दोन बाजूंना होती. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी शिस्तीत लिहावं म्हणून मी कागदावर आधी मुद्दे काढले: दिसणं, सवयी, बोलणं, प्रसंग. पण सर मुद्द्यांत बसत नाहीत हे पहिल्याच मुद्द्याला कळलं. दिसायला ते कसे होते हे आठवायला गेलं, की मला त्यांच्या शर्टाचा खिसाच आठवतो. त्यात खडूचे तुकडे असत, आणि शर्ट कोणत्याही रंगाचा असला तरी खिसा पांढरा.

तर सरांची एक संख्या होती. लोकांचं एखादं दैवत असतं, एखाद्याचं आवडतं गाणं असतं, तशी यांची संख्या. ७,३९,३९,१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. पोरं त्यांना पाठीमागे ‘सात कोटी’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. त्यांची तक्रार एवढीच, की पोरं पुढचे एकोणचाळीस लाख आळसानं सोडून देतात.

या संख्येत एवढं काय आहे, ते सर दर वर्षी नव्या वर्गाला बांबूवर दाखवत. एटापल्लीकडच्या एका गावातला त्यांचा जुना विद्यार्थी त्यासाठी दर वर्षी एक बांबू आणून द्यायचा. नेमका आठ पेरांचा. एकदा त्याच्याबरोबर त्याचा म्हातारा बाप आला होता. त्यानं बांबूकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि विचारलं, “गुरुजी, एवढासा बांबू कोन्या कामाचा जी? ना कुंपनाले ना छपराले.”

“कापायच्या कामाचा,” सर म्हणाले.

म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला. कापण्यासाठीच बांबू मागणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असावा.

वर्गात सर एकेका पेरावर एकेक आकडा रंगवत. बुडख्याच्या जाड पेरावर सात, मग तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, आणि शेंड्याच्या बारीक पेरावर पुन्हा तीन. मग सांगत, ही मूळ संख्या आहे. म्हणजे हिला एक आणि ती स्वतः सोडली, तर दुसऱ्या कोणत्याही संख्येनं पूर्ण भाग जात नाही. काही ना काही बाकी उरतेच. एवढ्यानं कोणी चकित होत नसे. मूळ संख्या खूप आहेत. मग सर आरी घेत आणि शेंड्याचं पेर करकर कापून खाली पाडत. उरले ७३,९३,९१३. तीही मूळ. आणखी एक पेर कापलं. ७,३९,३९१. मूळ. मग ७३,९३९. मग ७,३९३. मग ७३९, मग ७३. शेवटी हातात फक्त बुडखा, त्यावर सात. तोही मूळ. जिथे कापाल तिथे उरलेला तुकडा अभंग. आणि अशी हिच्याहून मोठी संख्या नाहीच. मागे नववा आकडा जोडून पाहा. सम आकडा किंवा पाच जोडला तर प्रश्नच मिटला. एक किंवा सात जोडला तर तीननं भाग जातो. तीन किंवा नऊ जोडला तरी कोणीतरी भाजक येऊन ती फोडतोच.

“कापून पाहा, मोडत नाई,” सर म्हणत. “वाढवून पाहा, मोडते.”

तुम्ही दोघं आता कॅल्क्युलेटर शोधत असाल. शोधा. मी थांबते.

या ‘कापून पाहा’चा उपद्रव सगळ्यांत जास्त मला झाला. सर वाक्यंसुद्धा शेंड्याकडून कापत. स्नेहसंमेलनासाठी मी पाहुण्यांचा परिचय लिहिला होता, चांगला दोन पानी. सरांनी तो हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यावर थांबले. ‘पाहुण्यांचे कार्य मोलाचे आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.’

“मॅडम, हे शेवटून कापून पाहा.”

“काय कापायचं त्यात?”

“एकच शब्द. ‘नाही’ काढा.”

मी वाचलं. एका शब्दानं पाहुण्यांची पार अब्रू गेली होती.

“पाहा! एका शब्दाच्या भरोशावर उभा केला तुमी मानूस,” सर म्हणाले. “माईक बंद पडला त्या टायमाले, तर?” आमच्याकडे माईक दर वर्षी बंद पडत असे, त्यामुळे मी ते वाक्यच खोडलं. स्वतः सर रजेच्या अर्जात ‘रजा हवी’ एवढंच लिहीत. त्यातला ‘हवी’ कापला तरी मुख्याध्यापकांना कळावं म्हणून.

सरांच्या बायकोविषयी आता सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट तिची आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवत होती. गावात सगळे तिला बाई म्हणत, सरसुद्धा. ती त्यांना एरवी ‘अवो’ म्हणे आणि रागावली की ‘सर’. बाई कधी खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नाही. पहिलीतल्या पोराचं चित्र वाईट असलं तर ती ‘वाईट आहे, पन गाय आहे हे समजते’ असं सांगणारी. आणि तिचा हिशेब कधी चुकत नसे. सरांचा चुके, ते मोठ्या संख्यांचे गणिती होते, भाजीच्या नव्हे.

निवृत्त झाल्यावर सरांच्या डोक्यात आलं, की आपण पोरांना जन्मभर सांगत आलो ही संख्या मूळ आहे, पण आपण पाहिलंय कुठे? लहान तुकडे त्यांनी स्वतः हातानं तपासले होते. ७३,९३,९१३ पर्यंत सगळे. राहिली होती शेवटची, आठही पेरांची. तिला ८५९७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायला हवं. त्यापुढे जायची गरज नाही, हे कसं ते तुम्ही तुमच्या बाबांना विचारा. त्यांना आलं नाही तर मला कळवा. अशा भाजक संख्या होतात हजारावर. म्हणजे हजारावर लांबलचक भागाकार.

पुण्याला नोकरीत असलेल्या एका विद्यार्थ्यानं फोन करून सांगितलं, “सर, मोबाईल एका क्षणात सांगतो. मूळच आहे.”

“मोबाईलले ठाऊक आहे बाबू,” सर म्हणाले. “अहेरीले कुठी ठाऊक आहे?”

आणि त्यांनी अहेरीला कामाला लावलं. आठवडी बाजारात, बस स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, सर भेटतील तिथे माणसाच्या हातात एकदोन भाजक ठेवत. जुने विद्यार्थी तर गावभर होतेच. मग सर लोकांना त्यांच्या भाजकानं हाक मारू लागले. मला ४३२७ मिळाला होता. कुंपणावरून आवाज यायचा, “काय जी, चार हजार तीनशे सत्तावीस, आज भाजी कोनती?” मी माझा भागाकार रेघांच्या कागदावर केला, दोनदा पडताळला आणि समास सोडून नेऊन दिला. बाकी ३६८४.

सरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “बाकी बरोबर आहे. पन एवढं सुंदर अक्षर कशाले? भागाकार आहे मॅडम, लग्नपत्रिका नाई.”

चौकातल्या शिंपी चाचांना ५०३ होता. त्यांच्याकडे कागद नसतो, कापड असतं. पुढच्या आठवड्यात माझा नवा ब्लाऊज आला तो अस्तरावर अख्खा भागाकार घेऊन. मी दुकानात जाऊन उलटा करून दाखवला, तर चाचा म्हणाले, “हां हां, वही है. बाकी एक सौ पैंतालीस. सर को बता देना मॅडम, मेरे को टाइम नहीं. खडू है, धोए तो निकल जाता.” मी तो आधी सरांना दाखवला आणि मग धुतला. इंग्रजीच्या शिक्षिकेनं आपला ब्लाऊज गणिताच्या शिक्षकापुढे तपासणीला धरणं, हे दृश्य बाईंनी पुढे कितीतरी दिवस गावात सांगितलं.

घरच्यांना सूट नव्हती. बाईंच्या वाट्याला तीन भाजक आले होते, आणि त्यांत सगळ्यांत शेवटचा, ८५९७, मुद्दाम. “शेवटचं पेर घरातच पाह्यजे,” सर म्हणाले.

याच सुमाराला ती ट्रकची गोष्ट झाली. सूरजागडच्या खनिजाचे ट्रक आमच्या रस्त्यानं धूळ उडवत जात, आणि सर फाटकाशी उभे राहून त्यांचे नंबर वाचत. मूळ संख्या आली की ड्रायव्हरला सलाम करत. ड्रायव्हरही करत, म्हाताऱ्याला वाटतं आपण ओळखीचे आहोत, असं समजून. एका संध्याकाळी सरांनी एका ट्रकला कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, “एक हजार तीनशे नव्याण्णव. मूळ!”

बाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, “तेराशे त्र्याण्णव होता.”

१३९३ म्हणजे सात गुणिले १९९. सर गणितात चुकले नव्हते. त्यांना दिसलंच नव्हतं. शेवटचा आकडा तीन होता, त्यांनी नऊ वाचला. बाईंनी सूप ठेवलं आणि कुंपणापलीकडे उभ्या माझ्याकडे पाहिलं. मला त्या पाहण्याची भीती वाटली, कारण सरांचा डावा डोळा लहानपणीच बांबूची टोकदार काडी लागून गेला होता. जे काही होतं ते उजव्या डोळ्यावर.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, मोतीबिंदू पिकला आहे, ताबडतोब काढा. उशीर केलात आणि तो आत फुटला तर मग मी काही करू शकणार नाही. आणि ऑपरेशननंतर काही आठवडे लिहिणं, वाचणं, खाली वाकणं बंद.

बंद म्हटल्यावर सर परत आले ते ऑपरेशन न करताच. “हे संपलं का करतो,” म्हणाले. म्हणजे भागाकार संपले, की लगेच.

पण ते संपणार कसं? धानाची रोवणी सुरू झाली होती. सगळं गाव बांधीत, भातखाचरांत उतरलेलं. चिखलात उभं राहून कोण भागाकार करणार? कित्येक शे भाजक तसेच पडून. सरांनी ते स्वतःकडे घेतले. कागदाला नाक लावून बसत. आकडे आता एवढे मोठे काढत, की एका पानावर एक भागाकार मावेना. मी सांगून पाहिलं. चाचांनी सांगितलं. त्यांच्या मुलीनं फोनवर रडून सांगितलं. सरांचं उत्तर एकच, “हे संपलं का.” बाई एकदा बोलल्या आणि मग बोलायच्या थांबल्या. तुम्ही बाईंना पाहिलेलं नाही, नाहीतर त्यांचं न बोलणं म्हणजे काय हे तुम्हांला समजलं असतं.

एका संध्याकाळी ओसरीवर आम्ही सगळे होतो. सर कागदावर वाकलेले, चाचा कुठलीशी बाकी सांगायला आलेले, मी कुंपणापलीकडून चहाला आलेली. बाई आतून आल्या. हात पुसत, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, “सर, पंच्याऐंशीशे सत्त्याण्णवचा केला मी आज. पूर्ण गेला. बाकी शून्य.”

शून्य म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. संख्या मूळ नाही. फुटली. जन्मभर कापलेले ते सगळे बांबू खोटे.

चाचांच्या तोंडून निघून गेलं, “ऐसा कैसा? फिर से करके देखो ना बाई. लाओ, मैं देखता.”

“नाई,” सर म्हणाले. त्यांनी मान वर केली होती आणि बाईंच्या दिशेनं पाहत होते, जेवढं दिसत होतं तेवढं. “बाईनं केला म्हनजे केला. संपलं.” त्यांनी कागद गोळा केले. “मंग आता कराचं काय बाकीचं? चंद्रपूरची गाडी किती वाजता आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं निघालो. सर मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. सुतकाला निघाल्यासारखे आम्ही बसलो होतो. वैनगंगेच्या पुलाअलीकडे आष्टीला गाडी चहासाठी थांबली. बाई केळी घ्यायला उतरल्या. मला वाटलं आता काहीतरी सांत्वन करायला हवं. मी सुरुवात केली, “सर, एक संख्या गेली म्हणून...”

“मॅडम,” सर हळूच म्हणाले, “पंच्याऐंशीशे सत्त्याण्णवले शहाऐंशीशेनं गुणा.”

“आत्ता?”

“मंग केव्हा? थे केळी घेऊन राह्यली तोपर्यंत.”

मी तळहातावर बोटानं गुणाकार केला. ७,३९,३४,२००. आणि आपली संख्या ७,३९,३९,१३३. मध्ये उरतात चार हजार नऊशे तेहेतीस. आणखी एकदा ८५९७ बसायला जागाच नाही. भाग जाणं शक्यच नव्हतं.

“म्हणजे बाईंचा चुकला!” मी जवळजवळ ओरडले.

“तिचा भागाकार चुकत नाई.”

“मग?”

“मंग काय मंग? खोटं बोलली.” सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पोराचं उत्तर अनपेक्षितपणे बरोबर आल्यावर ते असे दिसत, पण त्याहून जास्त. “चाळीस वर्षं झाली लग्नाले. आपल्या पोरीचं गानं वाईट आहे हे पाहुण्यासमोर सांगनारी बाई आहे थे. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, अन् माह्यासाठी बोलली. आता त्याले वाया कसं जाऊ देऊ मी? तुमी सांगू नका बरं. तिले वाटू द्या मले पटलं.”

बाई केळी घेऊन आल्या. सरांनी लगेच चेहरा सुतकी केला. नाटकात काम केलं असतं तर पहिल्याच अंकात प्रेक्षकांनी हाकललं असतं, इतका सुतकी.

ऑपरेशन नीट झालं. सांगितलेले आठवडे सरांनी काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलासारखे काढले. चष्मा निघाल्यावर पहिल्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहिले, चार ट्रक डोळे भरून वाचले, आणि ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, थो पंच्याऐंशीशे सत्त्याण्णवचा एकदा पुन्हा करून दाखवता का?”

बाईंनी पाटी घेतली आणि सगळ्यांच्या देखत भागाकार केला. बाकी चार हजार नऊशे तेहेतीस.

“अरे!” सर म्हणाले. “म्हनजे तवा चुकलं होतं!”

“चुकलं असंल,” बाई म्हणाल्या. “मानूसच आहे.”

“होते, होते,” सर उदारपणे म्हणाले. चाचांनी तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं आणि मी चहाच्या कपात पाहिलं.

रोवणी संपली होती. लोक मोकळे झाले. उरलेले भाजक पुन्हा वाटले गेले आणि ते पुरते तपासून झाले. एकाचीही बाकी शून्य आली नाही. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस ही मूळ संख्या आहे, आणि हे आता अहेरीलाही ठाऊक आहे. सरांनी त्या दिवशी चौकात जिलेबी वाटली. कशाबद्दल ते अर्ध्या लोकांना कळलं नाही, पण जिलेबी सगळ्यांनी खाल्ली.

मी पुढे चंद्रपूरला राहायला आले. सर गेल्याचं कळल्यावर अहेरीला गेले. शेवटपर्यंत ते पेपर स्वतः वाचत होते, आणि त्यातली वाक्यं कापत होते, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी आतून हे नळकांडं आणून माझ्या हातात ठेवलं. शेवटच्या बांबूचा बुडखा.

मला वाटलं, आता ते सांगायला हरकत नाही. मी आष्टीच्या जीपमधली गोष्ट सांगितली. सरांना सगळं कळलं होतं, आणि ते मुद्दामच पटल्यासारखं करत होते, म्हणून. बाईंना धक्का बसेल अशी मला भीती होती.

बाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

“मॅडम, माह्याजवळ तीन भाजक होते,” त्या म्हणाल्या. “दोन चांगले कठीन होते. खोटं खपवाचं असतं तं त्यातला एक नसता का घेतला मी?” त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. “सगळ्यात सोपा पाहून घेतला. त्याले डोळे मिटून कळलं पाह्यजे होतं.”